टेपताईची उलटलेली मुदत

दातांत टाचण्या धरूनच बोलायची. चहा गार झाल्याशिवाय प्यायची नाही. गिऱ्हाइकाचं माप घेताना स्वतःही श्वास रोखायची. रस्त्यात कुणाची उसवलेली शिवण दिसली की हात शिवशिवायचे. गळ्यातली टेप जेवतानाही काढायची नाही, म्हणून सगळे तिला टेपताई म्हणत.

गरोदर बायकांचे कपडे तिच्याइतके बेतशीर कुणी शिवत नसे.

"टेपताई, पोटाचं राहू दे, कंबर तरी जरा कमी लिहा हो!"

"लिहिते की. मग कपडा अंगात घालू नका, नुसता हातात धरून फिरा."

तिला स्वतःला दिवस गेले तेव्हा ती रोज सकाळी पोटाला टेप लावू लागली. कितव्या महिन्यात किती घेर, हे तिच्या बोटांना पाठ होतं. घेर नीट वाढत होता. सोनोग्राफीची तारीख आली तेव्हा दुकानात गणवेशांचे ढीग पडले होते.

"पुढच्या महिन्यात जाऊ," ती नवऱ्याला म्हणाली. "टेप सांगतेय ना, सगळं ठीक आहे."

"तुझी टेप डॉक्टर कधीपासून झाली?" तो हसला. त्यानेही मनावर घेतलं नाही.

पुढचा महिनाही गणवेशांतच गेला. शेवटी ती गेली, तेव्हा डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीच्या मशिनचा पडदा हळूच स्वतःकडे वळवला. बाळाची कवटी तयारच झाली नव्हती. जन्मलं तरी ते जगणार नव्हतं.

"पण घेर तर बरोबर होता," ती म्हणाली.

"घेरावरून हे कळत नाही, बाई. आणि आता कायद्याची चोवीस आठवड्यांची मुदत उलटलीय. गर्भपाताचं मी एकटी ठरवू शकत नाही. डॉक्टरांचं मंडळ परवानगी देईल तरच."

"नाही दिली तर?"

"तर नऊ महिने पूर्ण करायचे."

त्या दिवसापासून पोटात लाथ बसली की तिच्या अंगावर काटा येई. परवानगी नाकारतील याची भीती होतीच. देतील याची त्याहून जास्त होती. "कितवा?" असं कुणी विचारू नये म्हणून ती मागच्या गल्लीने दुकानात जाऊ लागली.

मंडळापुढे दोघं गेली तेव्हा तिथले एक वयस्क डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले, "बाळाचे ठोके चालू आहेत. आम्हाला ते विसरता येत नाही."

"मला तरी कुठे येतंय? माझ्याच पोटात चालू आहेत."

"मग तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"ते जगायला हवंय. तेवढं जमेल तुम्हाला?"

तिने टेबलाची कड घट्ट धरली. "नसेल जमत, तर मला यातून सोडवा."

बाहेर आल्यावर तिने नवऱ्याला विचारलं, "मी वाईट आई आहे का रे?"

"तू आधी पाणी पी," तो म्हणाला. त्याने पुढे केलेल्या बाटलीचं झाकण बंदच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो धापा टाकत दुकानात आला. ती एका लहान मुलीच्या फ्रॉकला बटणं लावत होती.

"मिळाली परवानगी. लगेच बोलावलंय."

तिने फ्रॉक हातातून सोडला नाही. "एवढं संपवू दे. पोरगी संध्याकाळी न्यायला येईल."

"अगं, राहू दे ते."

"दोनच बटणं राहिलीत."

तिने सुई उचलली. दोरा ओवायला गेली, चुकला. पुन्हा चुकला. नवऱ्याने तिच्या हातातून सुई अलगद काढून घेतली आणि तिला उठवलं.

फ्रॉक मशिनवर तसाच राहिला. खालच्या दोन बटणांच्या जागी नुसत्या खडूच्या खुणा होत्या.