सरस्वतीबाईंचा पत्ता

सरस्वतीबाईंनी दोन गोष्टी कुणाला दाखवायच्या नाहीत असं ठरवलं होतं. एक, डोळ्यातलं पाणी. दुसरी, बीडमधल्या भाड्याच्या खोलीचा पत्ता.

पहिली जमून गेली होती. नवरा गेल्यावर माजलगावाकडचा ऊस त्यांनी एकटीनं सांभाळला, ट्रॅक्टर शिकल्या, ऊसतोडीच्या मुकादमाशी तोंडाला तोंड देऊन भांडल्या. "ही बाई हाय का वावटळ?" असं तो म्हणाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी गाडी भर, मग ठरव."

दुसरीची वेळ आणली विजयसिंहानं. ह्या पुढाऱ्यानं भर रस्त्यात एका ट्रॅक्टरवाल्याला जीव जाईस्तोवर मारलं आणि बघणारं अख्खं गाव आंधळं झालं. बाईंना मात्र दिसलं होतं, आणि दिसलं ते त्यांनी पोलिसांत सांगितलं. मग पाइपलाइन फुटली. मग गोठा पेटला. साक्ष होईपर्यंत त्या बीडला येऊन राहिल्या. सख्ख्या बहिणीलाही ठिकाण सांगितलं नाही. आणि बंदुकीचा परवाना काढला. त्यावर त्यांचा फोटो होता अन् खाली, नाइलाजानं, खोलीचा पत्ता.

तो परवाना घेऊन त्या बद्रीनाथच्या दुकानात गेल्या. भिंतभर फोटो: फेटे, हार, पीळ दिलेल्या मिश्या, हातात नवी बंदूक आणि छातीशी उघडा धरलेला परवाना. गिऱ्हाइकाचा सत्कार करायची ह्या दुकानाची रीतच होती.

"झेरॉक्स काढतो मावशी," म्हणून बद्रीनाथ परवाना आत घेऊन गेला. बाहेर आला तो एका हातात परवाना अन् दुसऱ्यात भगवा फेटा घेऊन.

"हे कावून?"

"सत्कार! आमच्याकडं बंदूक घेणारी पयली बाई तुमी. बसा, फोटो काढू."

"फोटो काढायचा न्हाई."

"लाजता का मावशी! परवान्याचा तर कवाच काढला. दुकानाच्या ग्रुपवर गेला पण. ह्ये बघा, अभिनंदनावर अभिनंदन!"

त्यानं दोन्ही काउंटरवर ठेवून कौतुकानं मोबाइल पुढं धरला. बाईंनी चष्मा लावला. फुलं, जोडलेले हात, टाळ्या. आणि खाली एक ओळ: 'वहिनी, अभिनंदन. नव्या घराची वास्तुशांती कवा?'

वर नाव होतं राधाकिशन. विजयसिंहाचा उजवा हात.

बाईंनी चष्मा काढून घडी केला. आवाज शाबूत होता.

"बद्रीभाऊ, तुमचं घर कुठं हाय?"

"हितंच, मागं. कावून?"

"दाराचा रंग सांगा. पोरगी क्लासवरनं कोणत्या गल्लीनं येती?"

बद्रीनाथचा चेहरा उतरला. "पोरीला कावून मधी आणता?"

"माझी खोली मधी आणली, तवा विचारलंत मला?"

काडतुसं घ्यायला आलेले मुंजाजी म्हातारे बाकावरून खोकले. बद्रीनाथ घाईघाईनं मोबाइलवर बोटं मारू लागला. "आत्ता काढतो मावशी. सगळ्यांकडनं डिलीट."

"मोबाइलातनं काढशील बे," मुंजाजी म्हणाले. "राधाकिशनच्या टकुऱ्यातनं कसा काढणार?"

खरं होतं. खोलीवर पिशवी भरलेलीच होती. उचलायची आणि निघायचं. परत नवं गाव, नवी खोली, शेजारणीला सांगायला नवं खोटं. बाईंनी भिंतीवरच्या फेट्यांकडं एकदा पाहिलं. मग बद्रीनाथचा हात धरला.

"थांबा. काढू नका. पुरावा हाय तो. ग्रुपात कोण कोण हाय?"

"सगळी वजनदार माणसं. सरपंच, ठेकेदार, वकील…"

"लई झाक. बोलायचं बटण दाबा अन् धरा माझ्या तोंडापुढं."

त्यानं धरला. बाई सावकाश बोलल्या, उसाच्या फडात आवाज लावावा तशा खणखणीत.

"मी सरस्वतीबाई. अभिनंदन केलंत, आभार. माझा पत्ता आजवर कुणालाच ठावं नव्हता, आता तुमा सगळ्यांना ठावं हाय. सोमवारी मी कोर्टात उभी राहणार हाय, दिसलं ते सांगणार हाय. त्याच्या आधी मला नुसती ठेच जरी लागली, तरी पोलीस तुमच्या एकेकाच्या दारात येतील. कारण हितनं उठून मी ठाण्यातच चालले, तुमची नावं घेऊन. तवा आजपासून माझी राखण तुमीच करायची. राम राम."

गेलं.

 मुंजाजींनी मान लांब करून मोबाइलात डोकावलं आणि त्यांना हसू आवरेना. "अगागा! ठेकेदार ग्रुप सोडून गेला. ह्यो सरपंच गेला. वकील बी पळाला!"

"पळू द्या. नावं कुठं पळतात?" बाईंनी आपला परवाना उचलून पदराखाली घेतला. "उठा बद्रीभाऊ. फोटो तुमी टाकला, ठाण्यात सांगणार पण तुमीच."

"अन् बंदूक?" बद्रीनाथनं बारीक आवाजात विचारलं.

"घेईन की. जिथं सत्कार करत न्हाईत तिथनं."

तो मोबाइल घेऊन निघाला. बाईंनी त्याला उंबऱ्यावर अडवलं आणि काउंटरवरचा फेटा त्याच्या हातात दिला.

"ह्यो बांधा डोक्याला. आज सत्कार तुमचा हाय."