हौश्याची साखळी

"साखळी आधी काढा, मग बोलू," मी म्हणाले. पारूआक्का उंबऱ्यावरून हलल्या नाहीत.

"काढीन की बाई. पर त्यो जाईल."

"कुठं जाईल?"

त्यांनी हनुवटीनंच माळ दाखवला. माळावर कोणीच नव्हतं. पवनचक्क्या तेवढ्या झोपेत असल्यागत फिरत होत्या. एकेका पात्याची सावली वावरातून सरकत यायची, खुंट्याला बांधलेल्या कुत्र्यावरून जायची. कुत्रं डोळेसुद्धा उघडत नव्हतं.

मी माण तालुक्यात गुरांची डॉक्टर. सकाळी साहेबांचा फोन आला होता. "मॅडम, पवनचक्क्या बघायला आलेल्या कुणीतरी एका कुत्र्याचा फोटो फिरवलाय. वरून विचारणा झालीय. जाऊन या."

कायदा साधा आहे. कुत्रं कायमचं आखूड साखळीला बांधून ठेवणं म्हणजे क्रूरता, म्हणजेच गुन्हा. सांगून ऐकलं नाही तर केस होते. तपासून रिपोर्ट द्यायचा, एवढंच माझं काम.

कुत्र्याचं नाव हौश्या. त्याला तपासलं. साखळी बैलाची होती. बैल विकले, साखळी राहिली, ती याच्या गळ्यात आली. मानेला चांगली जखम होती, माशा घोंघावत होत्या. माझं डोकंच फिरलं.

"आक्का, हे पाप आहे. अजून महिनाभर असं राहिलं तर मान सडेल. मला केस करावी लागेल."

"करा," त्या म्हणाल्या. "मेंढरांमागनं लंगडत आलतं, एवढंसं पिल्लू. दूध पाजून वाढवलं. आता घंटा ऐकली की पळतंय त्येंच्याकडं. पोरगं मुंबईला गेलं, त्याला कुठं बांधता आलं? म्हणून ह्याला बांधलं."

माझा राग कुठल्या कुठं गेला. वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचाही राग आला. मी जखम धुतली, औषध लावलं.

तेवढ्यात लांबून घंटा वाजल्या. आधी भास वाटला. मग टेकाडावरून धुळीचा लोट उतरू लागला, त्यात धनगरांची पांढरी-काळी मेंढरं. हौश्या उभा राहिला. कान टवकारून त्यानं साखळी ताणली.

आमच्याकडं मेंढरं वावरात बसवतात. रात्री कळप शेतात मुक्काम करतो, लेंडीखत आपोआप पडतं. आक्कांनी हे कित्येक वर्षांत केलं नव्हतं. त्या एकदम उठल्या.

"ह्येंनाच वावरात बसवते. मेंढरं हितं, तर त्यो बी हितंच."

"आणि ती गेल्यावर?"

"तवाचं तवा बघू, बाई. सोडा त्याला."

मी कडी काढली. हौश्या लगेच पळाला नाही. आक्कांचे पाय हुंगले, मग सुसाट गेला. कळपाला एक फेरा घालून मागची कोकरं त्यानं अशी आत घेतली, जणू रोजचंच काम. आक्का बघत राहिल्या. "बघा, शिकवलं का कुणी?" म्हणाल्या. आवाजात कौतुक होतं.

दिवाळीनंतर मेंढरं कृष्णाकाठाकडं चरायला निघतात, तशी पंधरा दिवसांनी ही निघाली. मी ड्रेसिंग बदलायला गेले तर वावर मोकळं, खुंटा मोकळा.

"गेला?"

"बांधाजवळ थांबलाता. माझ्याकडं बघत. मीच म्हनलं, जा गड्या."

एवढं बोलून त्यांनी चहा टाकला. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, कुत्रं मुक्त, तक्रार निकाली. साहेब खूश झाले. मला मात्र तो उंबरा डोळ्यांपुढून हलेना. मग त्या बाजूला काम निघालं की मी मुद्दाम आक्कांकडं वाट वाकडी करायची. आमची गाठ कुत्र्यामुळं पडली, आणि बोलणं मात्र पोराचंच चालायचं.

पावसाळ्याच्या तोंडाला कळप परतला. मी गेले तेव्हा हौश्या अंगणात भाकरी खात होता. अंगानं दुप्पट, मानेवर केस आलेले. दिवेलागणीला मेंढरांकडं निघाला. आक्कांनी हाक मारली नाही.

"आमच्या पोरागतच हाय," त्या म्हणाल्या. "येतंय, जेवतंय, जातंय. पर येतंय."

आता कुत्रं बांधल्याची तक्रार आली की मी आधी विचारते, घरात आणखी कोण असतं? साहेब म्हणतात, "मॅडम, याचा कायद्याशी काय संबंध?"

काहीच नाही. तरी विचारते.