तांदळात लिहिलेलं नाव

पुण्याच्या कंपनीतले एचआर फोनवर सांगत होते की, या दोन वेगळ्या बायका आहेत आणि एकीनं दुसरीचा रेझ्युमे चोरलाय. साहेब दिल्लीकडचे. म्हणाले, "सिस्टम झूठ क्यों बोलेगा, मॅडम?"

मी कपाळाला हात लावला. छत्रपती संभाजीनगरात बसून आयटी कंपन्यांना माणसं शोधून द्यायची, हे माझं काम. पूर्वी रेझ्युमे मी वाचायचे, आता एआय वाचतं. कंपनीला कसं माणूस हवंय ते सांगितलं की सगळे रेझ्युमे त्याच्याशी ताडून बघतं आणि मार्क देतं. मला उरलंय ते दोन्हीकडची बोलणी खाणं.

नम्रता मार्कांत सगळ्यांच्या वर होती, तरी नावापुढं लाल खूण: वैशाली नावाच्या बाईच्या रेझ्युमेची नक्कल. लासूर स्टेशन गावची सून. सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे प्रोग्रॅम ग्राहकाच्या हाती जायच्या आधी त्यातल्या चुका शोधणारी. लेकीसाठी नोकरी सोडली होती. आता लेक शाळेत जाते आणि हे काम घरून करायचं होतं. अशी जागा तिला पुन्हा कधी मिळाली असती कोण जाणे.

"नम्रता, ही वैशाली कोण गं?" मी विचारलं.

"मीच की मॅडम. माहेरची."

लग्नाआधी तिनं आम्ही वापरतो त्याच नोकरीच्या साइटवर वैशाली नावानं रेझ्युमे टाकला होता. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, पुढं आधारवरही तेच चढलं. कॉलेज तेच, प्रोजेक्ट तेच, बाई मात्र दुसरी. मशीननं चोरी पकडली.

"पहला नाम भी बदल जाता है?" साहेबांना पटेना. तिसऱ्या फोनला वैतागून म्हणाले, खूण काढणं माझ्या हातात नाही. नवा अर्ज रद्द करा, जुन्या नावानं भरा, लग्नाचा दाखला मी बघून घेतो. पण आजच.

मी नम्रताला फोन लावला. ती म्हणाली, "आत्यांना विचारावं लागंल. नम्रता नाव त्यांनीच ठेवलंय."

मला रागच आला. इथं दिवस संपत आलेला आणि हिला सासूची परवानगी हवी. शेवटी सासूबाईच फोनवर आल्या.

"त्या नावानं नोकरी लागंल व्हय?"

"मुलाखत तरी होईल."

"मग लिहू द्या की. पोरगी तर तीच हाय." मग म्हणाल्या, "मी बी सुमन व्हते. इथं येऊन कौसल्या झाले. इतक्या वर्षांत कुणी इचारलं बी नाय."

मुलाखत झाली, नोकरी लागली. पहिल्याच मीटिंगमध्ये साहेबांना वैशाली म्हणून दोनदा हाक मारावी लागली. त्या नावाची तिची सवय मोडली होती.

आता लग्न झालेली कुणीही आली की मी आधी जुनं नाव विचारते. एआयनं मला शिकवलं ते एवढंच. बऱ्याच जणी उत्तर द्यायच्या आधी क्षणभर थांबतात.