अर्जदार क्रमांक एक

साठीच्या पद्माबाई आमच्या गावच्या शाळेत खिचडी शिजवतात. शाळा भरायच्या वेळेला त्या हातात पळी घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या की हिंगोलीकडे निघालेला ट्रकसुद्धा थांबतो. पलीकडच्या वस्तीतली चाळीस लेकरं त्यांच्या भरवशावर शाळेत येतात. माझी चौथीतली सृष्टी त्यांतलीच.

हाच रस्ता आता भर गावातून चौपदरी होणार होता. मधे कंबरेएवढा दुभाजक, आणि ओलांडायची जागा थेट पेट्रोल पंपापाशी, शाळेपासून अर्धा कोस. सृष्टी कुठून येणार, या विचारानं माझं जेवणात लक्ष लागेना. मी बी.ए. झालेली, म्हणून अर्जही मीच लिहिला : रस्ता गावाबाहेरून न्या, नाहीतर शाळेसमोर भुयारी वाट तरी द्या. लिहायला एक दुपार लागली. सह्यांना तीन आठवडे.

कारण पहिली सही कुणाची? माजी सरपंच दगडोबा म्हणाले, "आमी आधी. गावात नारळ बी आमच्याच हातानं फुटतो."

तांड्यावरचे बाबूसिंग म्हणाले, "जमीन आमची जाऊन राहिली अन् सही मागून करू व्हय?"

शेवटी मी कागदावर ताटली उपडी ठेवून गोल काढला आणि सगळ्यांनी त्याच्या कडेकडेनं सह्या केल्या. कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही. अर्ज सूर्यफुलासारखा दिसत होता.

तहसील कचेरीत द्यायला निघालो, तेव्हा टमटममध्ये एक जागा रिकामी होती, म्हणून पद्माबाईही आल्या. तिथल्या कारकुनानं कागद चारी बाजूंनी फिरवून पाहिला.

"अर्जदार क्रमांक एक कोण? सुनावणीला हिंगोलीला त्यांनाच यावं लागेल. एक तारीख चुकली की अर्ज बाद."

दगडोबा वळून म्हणाले, "बाबूसिंगभाऊ, जमीन तुमची हाये बाबा."

"न्हाई न्हाई, मान तुमचा."

दगडोबांचे गुडघे दुखायला लागले. बाबूसिंगांना हळदीच्या पिकाला पाणी द्यायचं आठवलं. मीही, घरी विचारावं लागेल, असं काहीतरी पुटपुटले.

"माजं लावा की," पद्माबाई म्हणाल्या. "मला मान न्हाई, अन् गुडघे बी धड हायेत."

पद्माबाई हिंगोलीला गेल्या, तर पहिल्या दोन तारखांना सुनावणी घेणारे साहेब जागेवर नव्हते. तिसऱ्या वेळी भेटले. म्हणाले, "बाई, पंपापाशी जागा ठेवली आहे ना?"

"साहेब, पयलीतलं लेकरू अर्धा कोस जाऊन परत अर्धा कोस येईल का? ते दुभाजकावरूनच उडी मारंल. तुमी काय लहान नव्हते?"

साहेब हसले, काहीतरी लिहून घेतलं. महिन्यानं आदेश आला. गावात पेढे वाटले गेले. दगडोबांनी हार मागवला आणि फोटोत मधोमध उभे राहिले. मग मी आदेश वाचून दाखवला. मागणी वर पाठवली आहे. तोपर्यंत विद्यार्थ्यांना रस्ता ओलांडून देण्याची जबाबदारी अर्जदार क्रमांक एक यांची राहील.

"म्हंजे?" पद्माबाईंनी विचारलं.

"म्हणजे पोरांना तुम्हीच न्यायचं."

"ते तर मी करूनच राहिले. मग हिंगोलीला काहून बोलावलं?"

बाबूसिंगांनी पेढ्याचा खोका पुढं केला.

दुभाजक आता उभा राहिला आहे. लेकरं त्यावरून उचलून द्यायला दोन माणसं लागतात. अलीकडे पद्माबाई असतात, पलीकडे मी.