कोरडी म्हणून लिहिलेली जमीन

मोजणी कार्यालयात त्याला सगळे फूटपट्टी म्हणत. वीतभराचीही चूक त्याला खपत नसे. दुसऱ्यांचे नकाशे तो तांबड्या पेन्सिलीने असे रंगवायचा की नवी माणसं त्याच्या टेबलाकडे जायला कचरत. अशा माणसाने अख्ख्या नोकरीत एकच गोष्ट अंदाजाने लिहिली, आणि तीच त्याच्या मानगुटीवर बसली.

वीटभट्ट्यांच्या मागे एक मोठी पाणथळ जागा होती. घोटाभर पाणी, कमरेएवढं लव्हाळं, डास आणि बगळे. वरच्या वस्तीचं सांडपाणी एका टोकाने तिच्यात शिरायचं आणि दुसऱ्या टोकाने बरंचसं निवळून ओढ्याला मिळायचं. पण हे बघायला तिकडे जातो कोण? तिथे भराव घालून गोदामं बांधायची ठरली, आणि जमीन कशी आहे याचा अहवाल द्यायचं काम फूटपट्टीकडे आलं. तो गेला. दहा पावलांवर बूट रुतला, तो ओढून काढताना पाय चिखलात पडला. दुपारी घरी मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. तो काठावरूनच माघारी फिरला आणि कार्यालयात बसून त्याने लिहिलं: ‘प्रत्यक्ष पाहणी केली. जमीन पडीक, बहुतांश कोरडी. उपयोग नाही.’ खाली झोकदार सही.

साहेबांनी न वाचताच पुढे पाठवलं. फूटपट्टीचं काम, त्यात तपासायचं काय?

गोदामं उभी राहिली. तिसऱ्या वर्षी उताराखालच्या गल्लीत पाणी घुसलं. इतकी वर्षं जे पाणी ती जागा पोटात घ्यायची आणि सावकाश सोडायची, ते आता थेट खाली आलं, सांडपाण्यासकट. त्याच गल्लीत त्याची थोरली बहीण कपडे शिवून एकटीचा संसार चालवत होती. तिच्या घरात मांडीभर पाणी चढलं. शिलाई मशीन बुडालं, गिऱ्हाइकांचे कपडे काळे झाले. तो दोन दिवस रजा काढून फावड्याने चिखल उपसत राहिला. भिंतीवरची पाण्याची रेघ पुसता पुसता ताई म्हणाली, “कुठल्या आंधळ्यानं ती जागा कोरडी ठरवली, त्याला एकदा बघायचंय मला.”

“हो ना,” तो म्हणाला, आणि घमेलं उचलून बाहेर गेला.

त्यानंतर ताईच्या घरी तो जेवायचा, पण त्या भिंतीकडे पाठ करून बसायचा. पाणी आणखी दोनदा आलं. तो निवृत्त झाला तेव्हा निरोपाच्या भाषणात सगळ्यांनी त्याच्या काटेकोरपणाचे गोडवे गायले. तो टेबलावरच्या कपाकडे बघत बसला.

पुढच्या वर्षी पाणी खात्यातली एक अधिकारी बाई त्याच्या घरी आली. गल्लीच्या वरच्या अंगाला विटांची माती काढून पडलेले खड्डे होते, तिथे नवी पाणथळ जागा तयार करायची होती. जुने उतार माहीत असलेला माणूस तिला हवा होता. त्याने चहा पुढे केला आणि सगळं सांगून टाकलं. तिने कप खाली ठेवला. मग तिने विचारलं, उद्या सकाळी सात वाजता गमबूट घालून येता का.

तो आला. ते अख्खं वर्ष तो येत राहिला. कुठे वीतभर पाणी, कुठे गुडघाभर, काठ किती सावकाश उतरवायचा, सगळं त्याने स्वतः चिखलात उभं राहून मोजलं. खुंट्या ठोकल्या, चुकलेल्या उपटून पुन्हा ठोकल्या. ओढ्याकाठचं लव्हाळं मुळांसकट आणून लावलं. निम्मं जळलं, ते परत लावलं. पुढच्या मोठ्या पावसात गल्लीतलं पाणी उंबऱ्याखालीच राहिलं.

गल्लीने त्याचा सत्कार ठरवला. ताईने नवी साडी नेसून सगळ्यांना सांगितलं की हे माझ्या भावाचं काम. सत्काराच्या संध्याकाळी, कार्यक्रमाला जाण्याआधी, त्याने तिला तिच्याच घरात बसवून अहवालाचं सांगितलं. आंधळा कोण तेही.

ताईने मशीनवरचा दोरा तोडला, पुन्हा ओवला.

“चुकलास, ते एक,” ती म्हणाली. “पण मी विचारत होते तेव्हा माझ्यासमोर ‘हो ना’ म्हणालास.”

सत्काराला दोघंही गेली नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याने जुन्या कार्यालयात लेखी अर्ज दिला की त्या अहवालाला ‘प्रत्यक्ष पाहणी केलेली नव्हती’ असं त्याच्या सहीनिशी जोडावं. कारकून हसला, एवढ्या वर्षांनी कोण बघतंय, म्हणाला. तो पोच घेईपर्यंत काउंटरवरून हलला नाही.

चार महिने ताईने दार उघडलं, पाणी दिलं, पण ती बोलली नाही. मग एका रविवारी तिने आपणहून विचारलं, ती जागा दाखवशील का. दोघं बांधावरून चालली. पाणी स्वच्छ होतं, काठाला दोन-चार बगळे होते. पूर्वी बदकं यायची थव्यानं, ती कुठे आहेत, असं तिने विचारलं. अजून आली नाहीत, तो म्हणाला. पाणी खात्याच्या बाई म्हणतात, वीस वर्षं लागतील, किंवा येणारही नाहीत.

ताई बांधावरून पुढे निघाली. तो तिच्या दोन पावलं मागून चालत राहिला.