दोन गुप्तहेर आणि सर्ज्या

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. कोणाविषयी लिहावं इतकी माझी तयारी नाही, तरी लिहितोय, त्याबद्दल माफ करा.

त्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या वाशी गावाहून धाराशिवला कॉलेजात जाताना एसटीत ते अधूनमधून माझ्या शेजारी बसत. त्यांचा बैल चोरीला गेला होता. ते एकेका गावच्या आठवडी बाजारात जात, बांधलेल्या बैलांच्या मागं उभे राहत आणि हळूच ‘सर्ज्या’ म्हणत. शिंगं रंगवली तरी हाकेला कान वळतोच, असं त्यांचं म्हणणं.

मला कॉलेजच्या निबंधासाठी दोन जुन्या गुप्तहेरकथांची तुलना लिहायची होती. मी त्यांना सांगितलं, “एकीतला गुप्तहेर हिंडून चोर शोधतो, दुसरीतला खुर्चीत बसून.”

“बसून शोधणारा आमच्या पोलीस ठाण्यात बी हाय,” काका म्हणाले. “त्याला अजून सुचलं न्हाय, एवढंच.”

मी निबंधात हिंडणाऱ्याची बाजू घेतली.

परवा एसटी तेरखेड्याजवळ आली तेव्हा काकांचा फोन वाजला. काकूंचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला, “अवो, सर्ज्या आपला आपण घरी आलाय. गळ्यात दुसऱ्याचं दावं हाय. तुमी कुठं हिंडताय?”