चिंच लावून घासलेली गाडी

आधीच सांगतो, मी भांडकुदळ माणूस आहे. खताच्या कंपनीत एरिया मॅनेजर. गंगाखेडपासून चुडाव्यापर्यंत दिवसभर दुकानदारांशी गोड गोड बोलायचं आणि पोटात साठलेलं सगळं कडू घरी आणून ओतायचं, हा माझा धंदा. आज हे कबूल करतोय. तेव्हा कोणी तोंडावर म्हटलं असतं तर त्याच्या अंगावर गेलो असतो.

गाडी कंपनीनं लीजवर दिली होती. म्हणजे मालक तिसराच. आपण तीन वर्षं वापरायची आणि आहे तशी धडधाकट परत करायची. घरी हे मी सांगितलंच नाही. का, तर झरीत आमच्या समोरचं घर माझ्या चुलत्याचं. त्यांच्या पोरानं आदल्या वर्षी गाडी घेतली आणि बरोबर आमच्या दाराकडं तोंड करून उभी केली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, तेव्हापासून बाहेर ओट्यावर बसणंच सोडलं. मग माझी गाडी आली. अण्णा पुन्हा ओट्यावर बसायला लागले आणि पेढ्याचा पुडा घेऊन गल्लीभर फिरले, "आमच्या पोरानं गाडी घेतली" म्हणत. मी शेजारीच उभा होतो. म्हटलं, जाऊ दे, म्हाताऱ्याला मिरवू दे. खरं तर मलाही मिरवायचं होतं, उगाच म्हाताऱ्याच्या नावावर कशाला खपवू.

पहिल्याच दसऱ्याला अण्णांनी बॉनेटवर ओल्या कुंकवाचं भलंमोठं स्वस्तिक काढलं. आठ दिवस उन्हात वाळलं आणि डाग बसला. तो काढायला त्यांनी काय करावं? पितळेची समई घासतात तसं चिंच आणि चुलीतली राख घेऊन बॉनेट घासलं. डाग निघाला! झालं, तिथून गडी पेटला. दर रविवारी मी नऊपर्यंत घोरत पडायचो आणि अण्णा सकाळच्या पारी गाडी घासायचे. राख, चिंच, गोणपाटाचा तुकडा. समोरून चुलते चहाची बशी हातात घेऊन बघत बसायचे आणि अण्णांना तेच पाहिजे होतं.

या घासण्यानं गाडीचं काय झालं ते मला कळलं कधी, तर तीन वर्षं संपताना, गाडी परत द्यायच्या चार दिवस आधी. तोवर दर सोमवारपासून गाडीवर पुन्हा काळ्या रानाची धूळ, आणि मी कधी तिच्याकडं धड बघितलेलं नाही. परभणीत एका गॅरेजवर धुवायला नेली. गडद निळा रंग. पाणी निथळलं, ऊन पडलं आणि सगळ्या गाडीवर गोल गोल रेघा उठल्या, कोळ्यानं जाळं विणावं तशा. पॉलिशवाला माझ्याकडं बघून हसायला लागला.

"साहेब, ही गाडी धुतली का घासली? भांडे घासल्यावानी दिसायलीय."

"जाईल का पॉलिशनं?"

"चार दिवसात? न्हाई होत. लय खोल गेल्यात काही रेघा. रंगच निघून यील."

कंपनीचा कागद माझ्या खिशात होता. ओरखडा किती लांब चालतो, पोचा किती खोल चालतो, सगळं त्यात लिहिलेलं. हे सगळं माझ्या पगारातून कापणार, वर साहेब म्हणणार, याला गाडी सांभाळता येत नाही, याला मोटरसायकलच बरी. परभणी ते झरी रस्ताभर मी अण्णांना शिव्या घालत आलो. काचा बंद करून, मोठमोठ्यानं.

घरी पोचलो तर अण्णा ओट्यावरच. मी गाडीतून उतरलो आणि दार इतक्या जोरात आपटलं की समोर चुलते उठून उभे राहिले.

"कुणी सांगितलं व्हतं तुमाला राख लावायला? आँ? ही काय समई हाय का?"

"काय झालं रं?"

"वाटोळं झालं! सगळी गाडी खरवडून ठेवली! अक्कल गहाण ठेवली व्हती का?"

"अरे, चमकायली की. आन् आपल्याच गाडीला..."

"आपली न्हाई ती!" मी ओरडलो. "लोकाची हाय! कंपनीनं वापरायला दिलीय, चार दिवसांनी वापस न्यायलेत! कळलं का?"

बोललो आणि जीभ चावली. पण आता काय उपयोग? समोर चुलते, त्यांची सून, दूध घालायला आलेली बाई, सगळ्यांनी ऐकलं. अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. गाडीकडं बघितलं.

"लोकाची हाय म्हणून सांगितलं असतंस," ते हळू आवाजात म्हणाले, "तर मी हात तरी लावला असता का?"

मी तरी गप्प बसायचं की नाही? नाही. "वापरायला मिळालेली वस्तू नीट वापरायची नसते का," असलं काहीतरी पुन्हा बडबडलो. अण्णा उठले. चपला घातल्या. मला वाटलं रानाकडं चालले. ते सरळ समोर गेले आणि चुलत्यांना म्हणाले, "पेढे वाटले ते माफ कर. गाडी पोराची न्हाई." चुलते, ज्यांच्या तोंडून मी जन्मात चांगला शब्द ऐकला नव्हता, म्हणाले, "अरे दादा, बस, चहा घे." अण्णा बसले नाहीत. माघारी आले आणि आत जाऊन पडले. जेवायला उठले नाहीत. आईनं मला वाढलं, पण ताट असं आदळलं की वरण सांडलं.

चौथ्या दिवशी परभणीला गाडी द्यायला गेलो. तपासायला आलेला माणूस नांदेडचा, कपाळाला आठ्या. हातात टॉर्च आणि पोचे-ओरखडे मोजायची एक गोल भोकांची प्लास्टिकची पट्टी. मी मनात भांडणाची तयारी करून गेलो होतो. त्यानं बॉनेटवर टॉर्च मारला, वाकून बघितलं आणि कागदावर टिक केली.

"ह्या रेघांचं काय?" मीच विचारलं. राहवलं नाही.

"हे होय? हे वापरानं होतंच. धुताना पुसताना सगळ्यांच्याच गाडीला येतं. हे आम्ही धरत नाही." मग तो मागं गेला आणि बंपरच्या पोच्यावर बोट ठेवलं. "हा मात्र धरावा लागेल."

तो पोचा मी पाडला होता. गंगाखेडला, फोनवर बोलत बोलत, उसाच्या ट्रॉलीला.

सही करून बाहेर आलो आणि स्टँडवरून घरी फोन लावला. आईनं माझा आवाज ऐकताच फोन अण्णांकडं दिला.

"अण्णा, गाडी पास झाली. त्या रेघांचं काहीच न्हाई म्हणले. चालतंय म्हणले ते."

"मग गल्लीत कशाला वरडलास?" अण्णांनी विचारलं.

झरीची एसटी लागली होती. मी फोन कानाला धरून तसाच उभा राहिलो आणि ती निघून गेली.